ट्रॅपमध्ये ३४० आले, पण जे आलेच नाहीत त्यांचं काय?

तू विचारलंयस की तुमच्या प्रोजेक्टमध्ये बंधाऱ्याखाली आधी तीन आठवडे जुना ट्रॅप लावला त्यात २१० सी लॅम्प्रे आले, मग तो काढून त्याच जागी नवीन लावला त्यात पुढच्या तीन आठवड्यांत ३४० आले, तर नवीन ट्रॅप चांगला असं थिसिसमध्ये लिहिता येईल का, आणि गाईड नुसतं "अजून नीट टेस्ट करा" म्हणतायत म्हणजे नेमकं काय करायचं. ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करतेय.

नाही लिहिता येणार. नवीन ट्रॅप चांगला असेलही, पण या दोन आकड्यांवरून ते कळत नाही, उलट जुनाच चांगला होता असंही निघू शकतं, ते खाली हिशोबासकट दाखवते. मिशिगन आणि ओंटॅरिओच्या बाजूच्या नद्यांवर मी १४ हंगाम हेच काम केलंय, आणि सुरुवातीला मीसुद्धा रोज सकाळी बादलीतले मासे मोजून त्यालाच रिझल्ट समजत होते.

बाकी कुणी वाचत असेल तर थोडक्यात सांगते. सी लॅम्प्रे म्हणजे जबडा नसलेला, वामसारखा लांबुळका मासा, तोंड म्हणजे दातांची गोल चकती, ती मोठ्या माशाच्या अंगाला चिकटवून रक्त पितो. मूळचा अटलांटिकचा. वरच्या ग्रेट लेक्सच्या (अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांच्या) आड नायगारा धबधबा उभा होता, पण त्याला वळसा घालणारा वेलंड कालवा काढला, पुढे तो सुधारला आणि १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात दिसला, १९३६ मध्ये मिशिगन, १९३७ मध्ये ह्युरॉन, १९३८ मध्ये सुपीरिअर. त्याआधी वरच्या सरोवरांतून वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड लेक ट्राउट हा मासा निघायचा, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ३ लाख पौंडांवर आला (जास्तीची मासेमारी पण होतीच, पण लॅम्प्रेनं कंबरडं मोडलं). एक लॅम्प्रे सरोवरातल्या त्याच्या वर्षा-दीड वर्षात ४० पौंडांपर्यंत मासे मारू शकतो. १९५५ पासून कॅनडा आणि अमेरिकेचं मिळून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन हे काम बघतं, आणि मुख्य हत्यार आजही टीएफएम नावाचं औषध, जे नदीच्या गाळात राहणारी पिल्लं मारतं. लॅम्प्रे त्यामुळे जवळपास ९० टक्के कमी झाले. पण २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे फवारणी कमी झाली तर लगेच मोठे लॅम्प्रे वाढलेले दिसले, म्हणजे एका हत्यारावर सगळं टांगून ठेवणं किती धोक्याचं आहे बघ. म्हणून ट्रॅपचं काम महत्त्वाचं, आणि म्हणूनच ते नीट तपासलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता लॅम्प्रे नदीत का चढतो ते आधी डोक्यात पक्कं बसू दे. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर शेतात येतात आणि लोक बांध घालून, बांबूचे निमुळत्या तोंडाचे सापळे लावून ते धरतात, तुझ्या गावाकडे तू बघितलं असशील. तत्त्व तेच, अंडी घालायला वर चढणारा मासा, पाण्याच्या धारेला तोंड करून येणारा, अडला की कडेकडेनं वाट शोधणारा. फरक दोन. एक म्हणजे नदीत शिरल्यावर लॅम्प्रे खाणं बंद करतो, आतडंच आक्रसून जातं, त्यामुळे आमिष लावून काहीही उपयोग नाही. दुसरं म्हणजे तो सामन (साल्मन) माशासारखा आपल्या जन्माच्या नदीत परत येत नाही, ज्या नदीतून आधीच्या पिल्लांचा वास येतो ती पकडतो. हे तुझ्या चाचणीसाठी फार सोयीचं आहे, कारण दुसऱ्या नदीतून आणलेले लॅम्प्रे तू इथे मार्क करून सोडू शकतोस. त्यासाठी परवानगी लागते आणि सोडायचे ते बंधाऱ्याच्या खालीच, वर एकही जाता कामा नये.

आता मुद्दा. ट्रॅपमध्ये मासा येणं ही एक घटना नाहीये, त्या तीन घटना आहेत. आधी मासा ट्रॅपपर्यंत पोचला पाहिजे, मग तोंडातून आत शिरला पाहिजे, मग आतच राहिला पाहिजे. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी सुपीरिअर आणि ह्युरॉन जोडणाऱ्या सेंट मेरीज नदीवर काम करून २०१३ मध्ये हे अशा तीन पायऱ्यांत मांडलं आणि माझ्या मते या विषयात त्याहून उपयोगाचं काही लिहिलं गेलेलं नाही. कारण या तीन टक्केवाऱ्यांचा गुणाकार म्हणजे तुझ्या ट्रॅपची खरी ताकद. समज निम्मे पोचले, पोचलेल्यांपैकी निम्मे शिरले, शिरलेल्यांपैकी १० पैकी ९ राहिले, तर हातात येतात २२-२३ टक्के. आणि तू जर सगळा उन्हाळा जाळीचं भोक आणि परतीची झडप सुधारण्यात घालवलास तर तू ९० चे ९५ करशील, खरी गळती मात्र आधीच्या दोन पायऱ्यांवर चालूच राहील. मी असं होताना खूप वेळा बघितलंय, कारण ट्रॅप आपल्या हातात असतो, वर्कशॉपमध्ये सुधारता येतो, आणि नदी हातात नसते.

एक रात्र सांगते. आमच्या एका ट्रॅपमध्ये मासे येत नव्हते, सगळे म्हणत होते यंदा नदीलाच लॅम्प्रे कमी आहेत. मी तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा लावला आणि रात्री एकच्या सुमाराला स्क्रीनसमोर बसले. तळाशी चिकटून एक लॅम्प्रे आला, ट्रॅपच्या चौकटीला तोंड लावून चिकटला, शेपूट धारेत हलतेय, फनेलचं तोंड त्याच्यापासून जेमतेम वीतभर. बराच वेळ तसाच. मग सुटला, तोंडाशी गेला, गलफडाची सात भोकं आत जातील इतकं डोकं घातलं आणि मागे आला. परत गेला, परत मागे. मग ट्रॅपच्या बाहेरून जाळीला घासत बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत गेला, तिथे एका फटीतून पाण्याची जोरदार धार येत होती, तिथे नाक लावून चिकटून बसला, आणि शेवटी सोडून दिलं, धारेबरोबर खाली. पहाटेपर्यंत असे कितीतरी आले. सकाळी ट्रॅपमध्ये दोन! नदीत लॅम्प्रे भरपूर होते, ट्रॅपच्या दारापर्यंत येत होते, पण आमच्या तोंडातून येणारी धार शेजारच्या गळतीपेक्षा कमजोर होती म्हणून शिरत नव्हते. ट्रॅप त्या फटीच्या बाजूला सरकवला आणि वरून पाइपनं जादा पाणी सोडलं, त्या आठवड्यापासून फरक दिसला. नुसतं सकाळचं मोजमाप करत बसलो असतो तर वहीत "लॅम्प्रे कमी" एवढंच लिहिलं गेलं असतं.

आता तुझे आकडे. समज तू जुन्या ट्रॅपच्या काळात १०० मार्क केलेले लॅम्प्रे खाली सोडले आणि त्यातले ३० ट्रॅपमध्ये सापडले, म्हणजे ट्रॅप ३० टक्के पकडतोय, मग २१० बिनमार्कचे आले याचा अर्थ नदीत साधारण ७०० आले होते. नवीनच्या काळात १०० सोडले, २० सापडले, म्हणजे २० टक्के, आणि ३४० आले म्हणजे नदीत १,७०० आले होते. बघ, आकडा जास्त आणि ट्रॅप कमजोर. हे मी मुद्दाम घेतलेले आकडे आहेत, पण असं होऊ शकतं याला साधं कारण आहे, तुझा जुना ट्रॅप एप्रिलच्या शेवटी होता आणि नवीन मेच्या मध्यानंतर. पाणी ७-८ अंशांवर असतं तेव्हा लॅम्प्रे सुस्त असतो, ते चढत चढत १२-१५ अंशांवर गेलं की एकदम झुंडीनं निघतो, एखादा उबदार पाऊस पडून गेला की दोन रात्रीत आठवड्याचे मासे येतात. तू ट्रॅपची तुलना केली नाहीस, एप्रिल आणि मेची केलीस.

म्हणून मार्किंगशिवाय गत्यंतर नाही. पंख कापून खूण करणं स्वस्त आहे, पण त्यातून "सापडला की नाही" एवढंच कळतं. जमलं तर पिट टॅग घे, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, बॅटरी नसते, अँटेनाजवळून गेली की नंबर नोंदला जातो. एक अँटेना खाली नदीत जिथून सगळे जातात, एक ट्रॅपच्या तोंडाशी, एक आत. मग वरच्या तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या मोजता येतात, कुठला मासा तोंडाशी किती वेळा आला आणि परत गेला तेसुद्धा. पण लोखंडी चौकटीजवळ अँटेना लावलीस तर रेंज मरते, आणि पाणी चढलं की ट्यूनिंग हलतं. रोज संध्याकाळी एक टॅग काठीला बांधून प्रत्येक अँटेनातून फिरवायचा आणि किती अंतरावरून वाचला ते वहीत लिहायचं. एका हंगामात आम्ही हे आठ दिवस केलं नाही, नंतर कळलं की तोंडाजवळची अँटेना अर्धी आंधळी होती आणि त्या आठवड्याचा सगळा डेटा टाकून द्यावा लागला. नेमका तोच आठवडा सगळ्यात जास्त माशांचा होता, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

शेवटची पायरी म्हणजे आत राहणं, त्यासाठी इतकं काही लागत नाही. संध्याकाळी २० मार्क केलेले लॅम्प्रे ट्रॅपच्या आत ठेव, सकाळी मोज. हे चार-पाच रात्री केलं की पळून जाण्याचं प्रमाण कळतं. एवढी सोपी गोष्ट पण बहुतेक जण करत नाहीत.

आता यातली एक ग्यानबाची मेख. तू मार्क करायला मासे कुठून आणणार? सोपं म्हणून सगळे ट्रॅपमधलेच घेतात, मार्क करतात, खाली नेऊन सोडतात. पण जो मासा एकदा ट्रॅपमध्ये शिरला तो मुळातच शिरणाऱ्यातला असतो, तो परत शिरायची शक्यता जास्त, आणि जे कधीच शिरत नाहीत ते तुझ्या नमुन्यातच नाहीत. मग तुझी टक्केवारी फुगते आणि नदीतल्या माशांचा अंदाज कमी येतो. त्यामुळे निदान काही मासे तरी दुसऱ्या पद्धतीनं धर, खाली फाइक नेट (गोल कड्यांचं पिशवीसारखं जाळं) लावून किंवा दुसऱ्या नदीतून आणून, आणि दोन्ही गटांचं परत सापडण्याचं प्रमाण वेगवेगळं दाखव. परीक्षक हाच प्रश्न विचारतात. शिवाय हाताळलेला मासा बिथरतो, सोडल्यावर काही सरळ खाली सरोवराकडे निघून जातात, त्यांना ट्रॅपचं अपयश म्हणून मोजणं बरोबर नाही, त्यासाठीच खालची अँटेना. सोडायचे अंधार पडताना, दिवसा सोडलेस तर दगडाखाली जाऊन बसतात.

आणि किती सोडायचे? वरच्या उदाहरणात ३० आणि २० टक्के हा फरक दिसायला मोठा वाटतो, पण १००-१०० माशांवर तो नशिबानंही येऊ शकतो. ३००-३०० असतील तर बोलता येतं. तरीही माझं म्हणणं असं की माशांपेक्षा रात्री मोज. एकाच रात्री आलेले सगळे मासे एकाच पाण्याचे, एकाच चंद्राचे, एकाच पावसाचे, त्यांना ५० वेगळे पुरावे म्हणता येत नाही. ट्रॅप दोन-दोन रात्रींच्या पाळीनं बदल, आधी कुठला ते नाणं उडवून ठरव, आणि अशा पंधरा-वीस पाळ्या पूर्ण हंगामभर पसरू दे. ट्रॅप बदलायचा वैताग येतो, पाण्यात उतरून बोल्ट काढायचे, बोटं बधिर होतात, माहितीये मला. पण दुसरा मार्ग नाही.

दोन ट्रॅप शेजारीशेजारी एकाच वेळी लावू का असंही तुझ्या मनात येईल. त्यात एक मोठा धोका आहे आणि तो फेरोमोनच्या (प्राणी एकमेकांना इशारा म्हणून सोडतात त्या वासाच्या) कामात चांगला कळला. अंडी घालायला तयार झालेल्या मादीला बोलावणारा नराचा वास, त्यातला मुख्य घटक ३केपीझेडएस, प्रयोगशाळेत बनवला गेला, अमेरिकेत त्याची रीतसर नोंदणीसुद्धा झाली, पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या फेरोमोनची अशी ती पहिलीच. शेजारच्या दोन ट्रॅपपैकी एकात तो सोडला की त्यात स्पष्ट जास्त मासे येतात. सगळ्यांना वाटलं जिंकलो. पण विचार कर, एका रस्त्यावर वडापावच्या दोन गाड्या आहेत, एकीनं तळणाचा खमंग वास सोडला तर दुसरीचं गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल, याचा अर्थ गावात वडापाव जास्त खपला असा होत नाही. नंतर अख्ख्या नदीच्या पातळीवर, वास असलेला आणि नसलेला हंगाम अशी तुलना केली तेव्हा फायदा दिसला, पण माफक. कारणंही समजण्यासारखी आहेत, सुरुवातीला चढणाऱ्या माद्या अजून तयार नसतात, त्यांना या वासाचं विशेष नसतं, आणि नंतर नदीत खरे नर असतात त्यांच्याशी स्पर्धा. म्हणून शेजारची तुलना "कुठला आवडतो" एवढंच सांगते. तुझा प्रश्न "नदीतले किती टक्के धरले" असेल तर एका वेळी एकच ट्रॅप पाण्यात पाहिजे.

बंधारा नसेल तर काय? तिथे मासा ट्रॅपला वळसा घालून निघून जातो. सी लॅम्प्रे उडी मारत नाही, त्यामुळे फूट-दीड फुटाची पडती धार आणि पुढे आलेला ओठ असलेला बुटका बंधारा त्याला पुरतो, आणि बहुतेक ट्रॅप अशा बंधाऱ्यालाच जोडलेले असतात. बंधाऱ्याशिवाय करायचं तर पाण्यात उभे इलेक्ट्रोड लावून सौम्य विजेची तिरकी भिंत करतात, मासा तिच्या कडेनं सरकत ट्रॅपपर्यंत येतो. २०१६ मध्ये छापलेल्या एका चाचणीत अशा पद्धतीनं जास्तीत जास्त ७५ टक्के लॅम्प्रे धरले गेले, हलवता येणाऱ्या ट्रॅपसाठी हा आकडा खूप मोठा आहे. सेंट मेरीजसारख्या अवाढव्य नदीत वीजघरांपाशी वर्षानुवर्षं ट्रॅप लावून साधारण ४० टक्के मिळायचे, आणि त्यातले नर निर्बीज करून २०११ पर्यंत परत नदीत सोडायचे, म्हणजे ट्रॅपचा तो दुहेरी उपयोग होता.

यातून पुढचा अवघड प्रश्न येतो, किती टक्के पुरे? एक मादी ६०,००० च्या पुढे अंडी घालते. नदीत माद्या कमी झाल्या की उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात. त्यामुळे ४० टक्के धरले म्हणून पुढच्या पिढीत ४० टक्के घट येईल असं अजिबात नाही, कधीकधी काहीच फरक दिसत नाही. मी ट्रॅपच्या बाजूची आहे, पण ५० टक्क्यांच्या खालचा ट्रॅप एकट्यानं नदी साफ करेल असं कुणाला सांगू नकोस. तो मोजणीला उत्तम, आणि औषधाच्या जोडीला.

एक गोष्ट तुझ्या मेलमध्ये कुठेच नव्हती म्हणून जरा जोर देऊन सांगते, बाकीचे मासे. त्याच पाण्यात त्याच दिवसांत सकर नावाचे इथले मासे चढतात, आणि इथल्या स्वतःच्या लॅम्प्रेच्या चार जाती आहेत ज्यांचा काही गुन्हा नाही. गच्च भरलेल्या ट्रॅपमध्ये सकर घासून घासून खवले जाऊन मरतात. रोज सकाळी रिकामा कर, उबदार दिवसांत दोनदा, आणि प्रत्येक जातीचे किती आले, किती जिवंत सोडले ते लिही. ऑस्ट्रेलियात मरे नदीवर विदेशी कॉमन कार्पसाठी जो पिंजरा बनवला तो यासाठी बघण्यासारखा आहे. तिथे लक्षात आलं की अडकलेला कार्प उड्या मारतो, तिथले देशी मासे मारत नाहीत. मग फिशवेमध्ये (माशांना बंधारा ओलांडायला केलेल्या वाटेत) दोन कप्पे केले, मधल्या आडव्या अडथळ्यावरून उडी मारतो तो कार्प पलीकडच्या कप्प्यात, बाकीचे खालून मोकळे. चाचणीत जवळपास ९० टक्के मोठे कार्प वेगळे झाले आणि देशी मासे जवळजवळ सगळे पुढे गेले. मला ते काम आवडतं कारण त्यांनी आधी माशाची खोड शोधली आणि मग जाळी वाकवली.

तुझ्याकडे आता जो डेटा आहे तो टाकू नकोस. रोजचं तापमान आणि पाण्याची पातळी लिहिली असशील तर तापमानाच्या बाजूला रोजची पकड मांडून बघ, एप्रिल-मेचा फरक तिथेच दिसेल आणि गाईडना पटेल की पुढच्या हंगामात पाळीनं ट्रॅप बदलायला मनुष्यबळ का हवंय. आणि नर-मादी वेगळे लिहिले असतील तर मला कळव. तयार नराच्या पाठीवर दोरीसारखा उंचवटा येतो, तयार मादीचं पोट मऊ लागतं, सुती हातमोजे घालून धर नाहीतर निसटतो. ३४० मध्ये नरच जास्त निघाले तर आपल्याला ट्रॅपच्या जागेबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण अंडी घालणाऱ्या माद्या मग कुठून वर गेल्या ते शोधायला हवं.